चिरेवरचा डमरू

टेबलाजवळ गेल्यावर हात आधी कडेवर जातो. ही कड सरळ कापलेली नाही. खोड जसं वाढलं तशी ती वळते. एके ठिकाणी आत जाते, पुढे जिथे फांदी फुटली असावी तिथे जराशी फुगते. साल निघाली आहे, पण सालीखालचा उंचसखलपणा तसाच राखून, तेल पाजून पाजून तो गुळगुळीत केला आहे. हात मध्यावर आला की दोन फळ्यांचा सांधा लागतो. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या या दोन फळ्या पोथीची पानं उघडावीत तशा शेजारी मांडल्या आहेत. डावीकडची प्रत्येक रेघ उजवीकडे आरशातल्यासारखी उमटलेली दिसते. आणि टोकाकडून एक चीर आत शिरली आहे. आपल्याकडे सुतार अशी चीर फेविकॉलमध्ये भुसा कालवून बुजवतो, नाहीतर लांबी भरतो आणि वरून पॉलिशचा हात मारतो. गिऱ्हाईकालाही तेच हवं असतं. इथे ती उघडी ठेवली आहे. तिच्यावर आडवा, फळीत खाच घेऊन बसवलेला गडद लाकडाचा एक लहानसा तुकडा आहे, मध्ये निमुळता आणि दोन्ही टोकांना रुंद. इंग्रजीत या तुकड्याला फुलपाखराचं नाव आहे. मराठी डोळ्याला तो डमरू दिसतो, आणि या पुस्तकात मी त्याला डमरूच म्हटलं आहे.

हे जॉर्ज नाकाशिमा यांचं कोनॉइड मालिकेतलं जेवणाचं टेबल. विसाव्या शतकातल्या आधुनिक लाकडी फर्निचरचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही ते वगळून पुढे जाता येत नाही. एका टेबलावर अख्खं पुस्तक कशाला, असा प्रश्न मला हे काम सुरू केल्यापासून अनेकांनी विचारला. माझं उत्तर त्या डमरूत आहे. लाकडातला दोष लपवायचा नाही, त्याला आधार द्यायचा, आणि तो आधार सगळ्यांना दिसेल असा द्यायचा, ही गोष्ट एका माणसाला कशी सुचली असेल? तिचा माग काढताना मी जंगलात गेलो, पाँडिचेरीत गेलो, काटेरी कुंपणाच्या छावणीत गेलो. ही प्रस्तावना त्या वाटेचा नकाशा आहे.

आधी डमरूचं काम समजून घेऊ, कारण त्याला नक्षी समजण्याची चूक सहज होते. लाकूड म्हणजे लांबट तंतूंची मोळी. तंतूंच्या दिशेने ते ओढून तुटत नाही. तंतूंच्या बाजूने मात्र पाचर मारली की फाकतं. म्हणून ओंडका वाळताना चिरा पडतात त्या तंतूंना धरून, बहुतेक टोकाकडून. डमरूचे तंतू चिरेला आडवे ठेवलेले असतात. चीर रुंदावू पाहते तेव्हा ती डमरूला त्याच्या सर्वांत बळकट दिशेने ओढते, आणि रुंद टोकं खाचेत अडकलेली असल्यामुळे तो सुटून येत नाही. तोच तुकडा तंतू चिरेला समांतर ठेवून कापला, तर कमरेतच मोडेल. खाच अशी घ्यावी लागते की तुकडा हाताने अर्धा बसावा आणि उरलेला हलक्या ठोक्यांनी. सैल झाला तर नुसता दागिना. फार घट्ट झाला तर त्यानेच नवी चीर पडायची. पटाशीची धार थोडी जरी बोथट असली तरी खाचेचे कोपरे चुरडतात. नाकाशिमांच्या अक्रोडाच्या टेबलांत हे डमरू पुष्कळदा ज्या लाकडाचे असत, त्याला व्यापारात ‘ईस्ट इंडियन रोजवुड’ म्हणतात. म्हणजे आपली शिसवी. आजोळच्या देव्हाऱ्यातलं, जुन्या वाड्यांच्या खांबांतलं, सह्याद्रीपासून दक्षिणेपर्यंतच्या जंगलांत वाढणारं हे लाकूड पेनसिल्व्हेनियात अमेरिकन अक्रोडाची चीर धरून बसलेलं आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातलं पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो.

नाकाशिमांचा जन्म १९०५ सालचा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातला. आईवडील जपानहून आलेले. पोरवयात तिथल्या डोंगरांतल्या जुन्या अरण्यांत त्यांची भरपूर भटकंती झाली आणि विद्यापीठात त्यांनी आधी वनशास्त्रच घेतलं. मग ते वास्तुशास्त्राकडे वळले. फ्रान्समध्ये फाँतेनब्लोला शिकले, एमआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतली, आणि पदवी हातात पडली तेव्हा महामंदी आली होती. त्यांनी मोटार विकून जगप्रवासाचं बोटीचं तिकीट काढलं. पॅरिस, उत्तर आफ्रिका, मग जपान. टोकियोत १९३४ मध्ये अँटोनिन रेमंड यांच्या कचेरीत त्यांना काम मिळालं. रेमंड मूळचे चेक. फ्रँक लॉइड राइट यांच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी ते जपानला आले आणि तिथेच रमले. काँक्रीटचा आधुनिक विचार आणि जपानी सुतारांची सफाई एकाच नकाशावर आणणारी ती कचेरी होती. नाकाशिमांच्या आयुष्याची दिशा तिथल्याच एका कामाने बदलली.

ते काम होतं पाँडिचेरीतलं. श्रीअरविंदांच्या आश्रमाला साधकांसाठी निवासस्थान बांधायचं होतं आणि त्याचा आराखडा रेमंड यांनी केला होता. हैदराबाद संस्थानाचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या पुढाकाराने निजामाकडून देणगी मिळाली. म्हणून इमारतीचं नाव ‘गोलकोंड’. प्रत्यक्ष जागेवर काम पाहायला १९३७ मध्ये नाकाशिमा आले. भारतातल्या पहिल्या आधुनिक काँक्रीट इमारतींत गोलकोंडची गणना होते. खोल्यांच्या बाहेरच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. भिंतीच्या जागी आडव्या पट्ट्यांच्या फिरत्या झडपा आहेत; हव्या तेवढ्या उघडाव्यात, की वारा आत येतो आणि ऊन बाहेर राहतं. आतल्या बाजूला सागवानी सरकती दारं. विजेचा पंखा गृहीत न धरता दक्षिणेकडच्या उन्हाळ्याला दिलेलं इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. काम करणारे बरेचसे हात साधकांचे होते. बांधकामाचा गंध नसलेली माणसं सळया बांधायला, काँक्रीट ओतायला शिकत होती. बिजागऱ्या आणि मुठींसाठी पितळ कमी पडलं, तेव्हा भक्तांनी घरची पितळी भांडी आणून दिली आणि ती वितळवून ओतकाम झालं. त्या मुठींत कुणाची घागर असेल, कुणाचा तांब्या असेल.

नाकाशिमा पगारी वास्तुविशारद म्हणून आले होते. थोड्याच काळात त्यांनी पगार सोडला आणि ते आश्रमवासी झाले. श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिलं. त्यांनी लाकडी फर्निचरचे पहिले नमुने केले तेही याच इमारतीसाठी. त्यांच्यावरच्या इंग्रजी लेखनात हा काळ दोन परिच्छेदांत उरकलेला असतो, एखाद्या परदेशी वळणासारखा. मला तो पाया वाटतो. काम हीच साधना, तिच्यात स्वतःला पुसत जायचं, फळ दुसऱ्याच्या पदरात घालायचं, हे तिथे रोजच्या कामात, चुन्या-सिमेंटात हात घालून शिकायला मिळत होतं. पुढे चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी आपलं काम याच भाषेत मांडलं. कर्मयोग हा शब्द ते पेनसिल्व्हेनियातल्या कार्यशाळेत बसून वापरत आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

१९४० मध्ये ते अमेरिकेला परतले. तिथे चाललेली आधुनिक घरांची बांधकामं पाहून त्यांचं मन खट्टू झालं. आराखड्यावरची रेघ आणि प्रत्यक्षातला जोड यांच्यात फार अंतर पडत होतं. झाडापासून शेवटच्या तेलाच्या हातापर्यंत सगळं आपल्या नजरेखाली राहील असं काम त्यांना हवं होतं. म्हणून फर्निचर. सिअॅटलला एका कॅथलिक मिशनच्या तळघरात छोटी कार्यशाळा सुरू झाली, १९४१ मध्ये मॅरिअन ओकाजिमा यांच्याशी लग्न झालं. मग पर्ल हार्बर. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा ९०६६ क्रमांकाचा हुकूम निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, मॅरिअन आणि त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मीरा यांची रवानगी आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत झाली. उघडं माळरान, धूळ, काळ्या डांबरी कागदाने मढवलेल्या बराकी आणि त्यांत नऊ हजारांहून अधिक माणसं.

याच ठिकाणी त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. हिकोगावा जपानी परंपरेत तयार झालेले सुतार होते. नाकाशिमांच्या हातात एमआयटीची पदवी होती, पण पटाशीला धार कशी लावायची हे या माणसाने त्यांना नव्याने शिकवलं. जपानी करवत ढकलताना कापत नाही, ओढताना कापते. म्हणून तिचं पातं पातळ असलं तरी चालतं आणि काप केसासारखा बारीक येतो. रंधाही स्वतःकडे ओढायचा. खिळा न वापरता कुसू आणि खाच यांवर वजन कसं तोलायचं, लाकूड कुठल्या अंगाला बाक धरेल हे फळी हातात घेताच कसं ओळखायचं, हे सगळं त्या बराकीत चालू होतं. लाकूड म्हणजे बांधकामातून उरलेल्या फळकुटांचे तुकडे आणि माळावर उगवणारी एक काटक झुडपी वनस्पती. एवढ्यावर त्या दोघांनी बराकीतली खोली राहण्याजोगी कशी करता येईल याचा एक नमुना सजवून दाखवला. वाकडंतिकडं, गाठींचं, टाकून दिलेलं लाकूड बघताना ‘हे काय कामाचं’ म्हणायची तिथे सोय नव्हती. जे आहे ते असंच होतं. डमरूच्या आकाराचा जोड जपानी सुतारांना जुना ओळखीचा. पण तो चिरेवर ठेवून टेबलाच्या मध्यभागी मिरवायचं धैर्य मला तरी या छावणीतून आलेलं दिसतं. ज्याला त्याच्या देशाने दोषी ठरवून वेगळं काढलं, त्याच्या हातून पुढे कधी लाकडाचा दोष बुजवला गेला नाही. हा माझा अंदाज आहे आणि पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मी तो सविस्तर मांडला आहे.

सुटका झाली ती १९४३ मध्ये, रेमंड यांच्या जामीनकीवर. ते तेव्हा पेनसिल्व्हेनियात न्यू होप या गावाजवळ शेतावर राहत होते. नाकाशिमा कुटुंब तिथे आलं, कोंबड्या सांभाळू लागलं. पुढे जवळच थोडी जमीन मिळाली, ती बरीचशी अंगमेहनतीच्या मोबदल्यात. आधी तंबू, मग कार्यशाळा, मग घर, दगड आणि लाकूड स्वतः वाहून उभं केलेलं. नोल कंपनीसाठी त्यांनी १९४६ च्या सुमारास एक सरळ पाठीची खुर्ची केली, पन्नाशीच्या दशकात दुसऱ्या एका कारखानदारासाठीही मालिका केली. पण जीव गुंतला तो आपल्या कार्यशाळेत, मोजक्या सुतारांसह, एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक वस्तू करण्यात.

‘कोनॉइड’ या नावाची गोष्ट इथलीच. १९५७ च्या सुमारास त्यांनी आपल्या आवारात एक स्टुडिओ बांधायला घेतला. त्याचं छप्पर म्हणजे काँक्रीटचं पातळ कवच: एका टोकाला सरळ रेषा, दुसऱ्या टोकाला लाटांसारख्या कमानी, मध्ये एकही खांब नाही. भूमितीत अशा पृष्ठाला कोनॉइड म्हणतात. याच छपराखाली बसून केलेल्या खुर्च्या, बाकं आणि टेबलं या सगळ्यांना तेच नाव पडलं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध लाकडी टेबलांपैकी एकाचं नाव काँक्रीटच्या छपरावरून आलं आहे, हे ध्यानात ठेवावं. त्यांना ‘झाडांचा ऋषी’ करून ठेवणाऱ्या लेखांत नेमकं हेच निसटतं. फळीची कड मोकळी सोडणारा हा माणूस भार कुठून कुठे उतरतो याचा हिशेब पक्का करणारा अभियंताही होता. कोनॉइड खुर्चीला दोनच पाय आहेत, जमिनीवर आडव्या पट्ट्यांवर टेकलेले; बैठक पुढे तरंगते. ती पुढे कलंडेल असं लोकांनी बोलून दाखवलं. ती आजही उभी आहे. टेबलाचंही तसंच. वरची फळी कितीही मनस्वी असो, खालचा सांगाडा मोजका, काटकोनी, कोरडा म्हणावा इतका शिस्तीचा. उभे आधार, जमिनीला धरणारे आडवे पाय, बस. वर अरण्य आणि खाली भूमिती. नाकाशिमांच्या या कामाला आधुनिक म्हणावं की नाही यावर बरंच लिहिलं गेलं आहे. पोलादी नळ्या आणि काच म्हणजेच आधुनिक, अशी व्याख्या केली तर हे टेबल त्यात बसणार नाही. मला ती व्याख्या तोकडी वाटते. सामग्रीशी प्रामाणिक राहा, रचना झाकू नका, ही जर आधुनिकांची शपथ असेल, तर चिरेवरचा डमरू ती शपथ पाळतो.

या टेबलाचा खरा आराखडा कागदावर नव्हे, करवतीच्या गिरणीत होत असे. ओंडका रुळांवर चढवला की पहिला काप कुठल्या अंगाने घ्यायचा हे ठरवायचं. आत काय आहे ते कुणालाच दिसत नसतं. साल, फांद्यांच्या जुन्या खुणा, टोकावरची वर्तुळं यांवरून अदमास बांधायचा. एक काप चुकला की शे-दोनशे वर्षं वाढलेल्या खोडातलं सर्वांत सुंदर पान कायमचं जातं. नाकाशिमा स्वतः गिरणीत उभे राहून कापाची दिशा आणि जाडी सांगत. व्यापाऱ्यांनी नाकारलेले पिळलेले, गाठाळ, बुंध्याकडचे ओंडके त्यांना हवेहवेसे वाटत. कापलेल्या फळ्या मूळ क्रमाने पुन्हा एकावर एक रचायच्या, मध्ये पट्ट्या ठेवून वारा खेळता ठेवायचा, आणि वाट पाहायची. ओलं लाकूड घाईने वापरलं तर टेबल घरात गेल्यावर पिळतं. म्हणून वर्षानुवर्षं मुरू द्यायचं. मग एक दिवस कुणी टेबल मागायला येतं. त्याचं घर केवढं, जेवायला किती माणसं बसतात याची विचारपूस होते, आणि शेडमध्ये भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शेकडो फळ्यांमधून त्या घराची फळी निवडली जाते. गिऱ्हाईकही सोबत असतं. कुठली चीर ठेवायची, कुठे डमरू बसवायचा, कड किती वळू द्यायची, हे खडूने फळीवरच आखलं जातं.

भारताशी त्यांचं नातं तुटलं नाही. १९६४ मध्ये ते अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. गौतम आणि गिरा सराभाई या भावंडांनी ती तेव्हा नुकती उभी केली होती. तिथल्या कार्यशाळेत इथल्या सुतारांकडून करून घेण्यासाठी त्यांनी फर्निचरची मालिका आखली आणि पुढे अनेक वर्षं ती तिथे तयार होत होती. उतारवयात त्यांनी प्रत्येक खंडासाठी एक शांततेचं टेबल करायचं मनावर घेतलं. प्रचंड अक्रोडाच्या ओंडक्यातून घडवलेलं पहिलं टेबल १९८६ च्या वर्षअखेरीला न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये स्थापन झालं. आशियासाठीचं टेबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९९६ मध्ये, ऑरोव्हिलला आलं. सुंदरानंदांचं लाकूड पाँडिचेरीच्या वेशीपर्यंत परत आलं.

१९८९ मध्ये न्यू जर्सीत प्रिन्स्टन इथल्या एका दांपत्याच्या घराला आग लागली. त्यांच्याकडे नाकाशिमांनी केलेल्या शंभराहून जास्त वस्तू होत्या, त्या सगळ्या भस्मसात झाल्या. नाकाशिमा तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांनी सगळं पुन्हा करून द्यायचं कबूल केलं. जून १९९० मध्ये ते गेले. काम मीरा नाकाशिमा यांनी पुरं केलं, आणि वडिलांनी कापून रचून ठेवलेल्या फळ्यांतून ती कार्यशाळा आजही चालू आहे.

शेवटी, हे पुस्तक चाळताना जे वाचकाला विचित्र वाटेल त्याबद्दल. पहिल्या आठ पानांवरची छायाचित्रं टेबलाच्या खालून घेतलेली आहेत. वरचं रूप सगळीकडे छापून आलेलं आहे. खाली तेलाचा हात तितका फिरलेला नाही, रंध्याचे फटकारे जवळून दिसतात, डमरूची दुसरी बाजू दिसते. आणि एका कोपऱ्यात काळ्या शाईने हाताने लिहिलेलं एक नाव दिसतं. कित्येक वर्षं नाकाशिमा आपल्या कामावर सही करत नसत. कुठली फळी कुठल्या घरी जायची हे विसरू नये म्हणून ते खालच्या बाजूला त्या टेबलावर जेवणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवत.